उभ्या गाडीला धक्का

२०२४ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मिरजेला धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो होतो. तिची गल्ली अरुंद. गाडी दारासमोर भिंतीला चिकटवून उभी केली, बाहेरचा आरसा दुमडला आणि झोपायला गेलो. सकाळी सहाला दुधाच्या पिशव्या आणायला भाचा बाहेर पडला तो तसाच रिकाम्या हाताने परत आला.

"मामू, गाडीला कुणीतरी ठोकलंय."

बाहेर येऊन पाहिले. मागचा बंपर डावीकडून फाटलेला, मागच्या दिव्याचे लाल तुकडे रस्त्यावर आणि मागच्या दाराला ताटलीएवढा पोचा. गल्लीत चिटपाखरू नव्हते. एवढा आवाज झाला असणार आणि कुणीच जागे झाले नाही, याचेच मला तेव्हा जास्त वाईट वाटले. गाडी आठ वर्षांची, काही राजेशाही नव्हे. पण आपण झोपेत असताना आपल्या वस्तूला कुणी धक्का देऊन निघून जावे, यात नुकसानीपेक्षा अपमान अधिक वाटतो. हा राग घेऊनच बहुतेक माणसे पुढची कामे करतात आणि तिथेच चुकतात.

मीही चुकणारच होतो. गल्लीतली मुले अनवाणी फिरतात म्हणून केरसुणी घेऊन तुकडे झाडायला निघालो. भाच्याने हात धरला. "आधी फोटो, मग झाडू." त्याचे बरोबर होते. त्याने लांबून एक फोटो घेतला, त्यात गाडी, समोरचे घर आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी एकत्र येत होती. म्हणजे गाडी नेमकी कुठे आणि कशी उभी होती, ते त्यात दिसत होते. मग जवळून पोच्याचे, फाटक्या बंपरचे, रस्त्यावरच्या तुकड्यांचे. बंपरवर आपल्या नसलेल्या रंगाचा पट्टा उमटला होता, पिवळसर. त्याचाही घेतला. धडकणारे वाहन आपला रंग मागे ठेवून जाते आणि कोणती जागा किती उंचीवर चेपली आहे, यावरून ते मोटारसायकल होते की टेम्पो, हे जाणकाराला कळते.

मग चौकशी. कोपऱ्यावरचा चहाची टपरीवाला पाचला शटर उघडतो. त्याने दुधाचा टेम्पो मागे घेताना पाहिला होता, आवाजही ऐकला होता. नंबराचे शेवटचे चार आकडे त्याने बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. मी न मागता! पुढे कापडाच्या दुकानाबाहेर कॅमेरा होता. दुकान दहाला उघडले, मालकाने चित्रण दाखवले, पूर्ण नंबर मिळाला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कॅमेऱ्यांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि त्याच जागी नवे भरत जाते. तेव्हा "रविवारी निवांत जाऊन बघू" म्हणाल तर रविवारी काही सापडणार नाही. त्याच दिवशी जावे आणि ती क्लिप आपल्या मोबाइलमध्ये मागून घ्यावी.

गाडीचा पूर्ण नंबर हाती आला की सरकारच्या एमपरिवहन या ॲपवर बरेच काही दिसते. मालकाचे नाव अर्धवट, मधली अक्षरे झाकलेली. पण विमा कधीपर्यंत वैध आहे, ती तारीख स्पष्ट. मी पाहिले, तर त्या टेम्पोचा विमा दोन महिन्यांपूर्वीच संपलेला होता.

इथे थोडे थांबून विम्याचे गणित समजून घेऊ. कारण त्या क्षणी माझ्याच मनात सगळा गोंधळ होता आणि मी चांगला पदवीधर माणूस आहे!

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भीती, धास्ती. 'जबाबदारी' हाही तिकडचाच. जवाब देणे ज्याच्याकडे आहे तो जबाबदार. दोन्ही शब्द आपण एका दमात बोलतो, पण ते दोन वेगळे हिशेब आहेत. विमा हा माझ्या धास्तीचा करार, माझ्यात आणि विमा कंपनीत. जबाबदारी ही ज्याने धक्का दिला त्याची, माझ्याशी. माझ्या विमा कंपनीने पैसे दिले म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आणि तो सापडला नाही म्हणून माझा करारही रद्द होत नाही.

आपल्या पॉलिसीचेही दोन भाग असतात. पहिला 'थर्ड पार्टी', म्हणजे माझ्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६प्रमाणे हा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसरा भाग 'ओन डॅमेज', माझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक. दोन्ही मिळून जे होते त्याला लोक 'फुल्ल इन्शुरन्स' म्हणतात. उभ्या गाडीला कुणी अनोळखी धडकून पळाला, झाडाची फांदी पडली, पुराचे पाणी शिरले, दंगलीत काचा फुटल्या, या सगळ्याला हा दुसरा भाग उपयोगी पडतो. पहिला नाही.

आपल्याकडच्या कितीतरी दुचाकींचा नुसता थर्ड पार्टी विमा असतो. तो असला म्हणजे 'माझ्या गाडीचा विमा आहे' असे आपण छातीठोकपणे सांगतो. पण अशी स्कूटर कुणी उभ्या जागी चेंगरली, तर तिच्या मालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडून एक पैसा मिळत नाही. त्याला धडकणाऱ्याकडेच जावे लागते, त्याच्याशी समझोता करून किंवा त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा लावून. मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्या विम्याची नेहमीची मर्यादा धडकणारी मोटारगाडी असेल तर साडेसात लाख रुपये आणि दुचाकी असेल तर एक लाख. हा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. नुकसान दोन हजारांपेक्षा जास्त असेल, तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय कायद्याने ठेवला आहे. न्यायाधिकरणात अर्ज करायला २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली.

हे ऐकून कुणी म्हणेल, चूक त्याची, विमा त्याचा आहे, मग मी माझ्या कंपनीकडे का जाऊ? तात्त्विकदृष्ट्या प्रश्न अगदी रास्त. पण व्यवहारात दोन्ही गाड्यांना पूर्ण विमा असला, की विमा कंपन्या आपसांतल्या समजुतीप्रमाणे ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, असे करतात. इंग्रजीत त्याला 'नॉक फॉर नॉक' असे गमतीदार नाव आहे. कंपन्यांचे काम सोपे होते, ग्राहकाची कोर्टाची पायरी वाचते. पण चूक दुसऱ्याची असूनही दाव्याची नोंद माझ्या खात्यावर पडते. त्याची किंमत काय, ते आता सांगतो.

त्याच दिवशी गाडी सांगलीच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने फेरी मारून अंदाज लिहून दिला. बंपर सहा हजार, मागचा दिवा दोन हजार, दाराचा पोचा काढायची मजुरी साडेतीन हजार, रंगकाम आठ हजार. एकूण साडेएकोणीस हजार. सोपे पडावे म्हणून कर बाजूला ठेवतो. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, क्लेम करणार असाल तर एक सांगू? उभ्या गाडीला कुणी ठोकलं असं लिहिलं की दहा प्रश्न येतात. गेटच्या खांबाला घासली असं लिहा, सरळ पास होतं."

त्याच्या मनात वाईट काही नव्हते. रोज वीस जणांना तो हेच सांगत असेल आणि ऐकायला ते सोयीचे वाटते. पण त्यात फायदा काहीच नाही. ओन डॅमेजच्या भागात गाडी खांबाला लागली काय नि अनोळखी वाहनाने ठोकली काय, भरपाई तेवढीच. उलट पाहणीला येणारा सर्व्हेअर बंपरवरचा पिवळा रंग बघतो, चेपल्याची उंची बघतो आणि विचारतो, हा खांब कुठला? दाव्यात खोटी माहिती दिल्याचे निघाले, तर खरा दावाही त्याच कारणाने नाकारला जातो. फॉर्ममध्ये 'अपघाताच्या वेळी चालक कोण' असा रकाना असतो. तिथे आपले नाव घालण्याची घाई करू नये. 'गाडी उभी होती, आत कुणी नव्हते' एवढेच लिहावे. खरे लिहिलेले पुन्हा विचारले तरी तसेच सांगता येते. माझ्यासारख्या विसरभोळ्याला हा मोठा आधार आहे.

आता त्या साडेएकोणीस हजारांचे काय होते पाहा. भाग बदलला की कंपनी घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर निम्मा. म्हणजे बंपरचे तीन हजार आणि दिव्याचे एक हजार गेले. काचेवर घसारा नसतो. धातूचा भाग बदलला तर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के. पण माझे दार बदलायचे नव्हते, ठोकून सरळ करायचे होते, आणि मजुरीला घसारा नाही. रंगकामाच्या बिलात पाव हिस्सा रंगाचे साहित्य धरतात आणि त्या पाव हिश्शाचा निम्मा कापतात. आठ हजारांत एक हजार. झाले पाच हजार. याशिवाय प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपलीच असते. पंधराशे सीसीपर्यंतच्या इंजिनाला साधारण एक हजार, त्यावर दोन हजार. माझ्या गाडीला एक हजार. म्हणजे कंपनी देणार साडेतेरा हजार. घसारा न कापणारी 'झिरो डेप्रिसिएशन' ही जोड घेता येते. नव्या गाडीला ती जरूर घ्यावी. माझ्या म्हाताऱ्या गाडीला नव्हती.

साडेतेरा हजार काही वाईट नाहीत, असे वाटते. पण अजून एक वजाबाकी राहिली आहे, आणि ती बिलावर दिसत नाही.

वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षांनी पन्नास. ती तिथे थांबते. एक दावा केला, की ही शिडी खाली शून्यावर. माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता सहा हजार धरा. पन्नास टक्के सूट असल्याने मी तीन हजार भरत होतो. दावा केला असता, तर पहिल्या वर्षी सूट शून्य, म्हणजे तीन हजार जास्त. दुसऱ्या वर्षी सूट वीस टक्के, अठराशे जास्त. मग पंधराशे, नऊशे, तीनशे. पाच वर्षांत मिळून साडेसात हजार. म्हणजे कंपनी जे साडेतेरा हजार देणार, त्यातले साडेसात हजार मीच पुढे हप्त्याने परत करणार. हाती राहतात सहा हजार.

हा हिशेब मी बहिणीच्या स्वयंपाकघरात, वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे केला. नुकसान आठ-दहा हजारांचे असते, तर दावा करून मी उलट तोट्यात गेलो असतो. पन्नास हजारांचे असते, तर मागेपुढे न बघता दावा केला असता. प्रत्येकाने आपल्या हप्त्याचा आणि सुटीचा आकडा घालून ही वजाबाकी करावी. एजंटला विचारले तर तोही करून देतो, पण आपण विचारले तरच.

आता टेम्पोकडे येतो. मालकाचा पत्ता टपरीवाल्यालाच ठाऊक होता. दुपारी भाच्याला घेऊन गेलो. म्हातारा गृहस्थ, चार म्हशी आणि तो एक टेम्पो. चालक पोरगा तिथेच कॅन धूत होता. आम्हाला बघताच त्याचा चेहरा उतरला.

"चाचा, मला वाटलं भिंतीला लागली," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही, कळलं होतं. घाबरलो."

कायद्यात याला काय म्हणतात तेही सांगतो. अपघातात वाहन सापडले, मग नुकसान माणसाचे असो, जनावराचे, दुसऱ्या वाहनाचे किंवा मालमत्तेचे, चालकाने थांबायचे आणि ज्याचे नुकसान झाले त्याने मागितल्यास आपले व वाहनमालकाचे नाव-पत्ता द्यायचा, असे कलम १३२ सांगते. मागणाऱ्यानेही आपले नाव द्यायचे असते. निष्काळजीपणे गाडी चालवण्याचा गुन्हा वेगळा. पूर्वी दंडविधानाचे कलम २७९ होते, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे २८१. म्हणजे मनात आणले तर मी त्या पोराला आणि म्हाताऱ्याला चांगलाच घोळसू शकत होतो. आणि विमा संपलेला, त्याचा दंड निराळा.

मालक म्हणाले, "भाई, जे काय होईल ते याच्या पगारातून कापून देतो." पोरगा कॅन धुतच राहिला.

इथे मात्र मी बोललो. कामावर असलेल्या चालकाने कामाच्या दरम्यान केलेल्या नुकसानीचे उत्तर मालकाला द्यावे लागते. कायदा तसाच आहे. आणि विमा संपू दिला तो मालकाने, पोराने नव्हे. "मालक, आज माझा बंपर गेला," मी म्हटले, "हाच टेम्पो मागं घेताना एखादं पोर सापडलं असतं, तर तुमच्या म्हशी विकूनही भरपाई पुरी पडली नसती." मोठ्या आवाजात नाही बोललो. पण ते ऐकून म्हातारबाबा खाटेवर बसलेच. विमा संपल्याचे त्यांच्या खरोखर लक्षात नव्हते. नेहमीचा एजंट वारला होता आणि आठवण करणारे कुणी उरले नव्हते.

बोलून ठरले ते असे. मी माझ्या कंपनीकडे दावा करायचा नाही. साडेएकोणीस हजारांपैकी पंधरा हजार त्यांनी द्यायचे, पाच-पाच हजारांच्या तीन हप्त्यांत. उरलेले माझे, कारण आठ वर्षांच्या जुन्या बंपरऐवजी मला कोरा बंपर मिळणार होता. कुणाला हे जास्त वाटेल, कुणाला कमी. मला ते बरोबर वाटले. एका कागदावर तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय नुकसान झाले, किती पैसे कधी द्यायचे, हे सगळे लिहिले. दोघांनी सह्या केल्या, टपरीवाला साक्षीदार. असा कागद जरूर करावा. मात्र एक पथ्य आहे. स्वतःच्या कंपनीकडेही दावा करायचा असेल, तर समोरच्याला 'माझी काही तक्रार उरली नाही' असे लिहून देऊ नये. तुमचे पैसे भरल्यावर ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. तो तुम्हीच आधी सोडून दिला, तर कंपनी तुमच्याकडे बोट दाखवते. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेणे तर नाहीच नाही.

माझे नशीब चांगले, माणूस सापडला. पुष्कळदा तो सापडत नाही. 'हिट अँड रन'साठी सरकारी भरपाई असते, असे ऐकून काही जण तहसील कचेरीत जातात. ती योजना आहे, २०२२ची. पण मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार, एवढ्यापुरतीच. गाडीच्या पोच्याला त्यात जागा नाही. तेव्हा आपली ओन डॅमेज पॉलिसी, नाहीतर आपला खिसा. दावा करायचा असेल, तर लगेच फोन करून कळवावे, दावा क्रमांक लिहून घ्यावा आणि पाहणी होईपर्यंत गाडी दुरुस्त करू नये. कारण खरे असूनही उशीर झाला, तर घाबरू नका. नुसत्या उशिरापायी खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११मध्येच कंपन्यांना बजावले आहे. किरकोळ धक्क्याला बहुतेक कंपन्या पोलिसांचा कागद मागत नाहीत. पण धडकणारा पळाला असेल, वाद असेल, तर ठाण्यात लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. कुणाला इजा झाली असेल, तर मग विचारच करायचा नाही, पोलिसांत जायचेच. कंपनीने दावा चुकीने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट आणि मग विमा लोकपाल. आपल्या राज्यात मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट कानाला खडा लावून ठेवावी. गाडी तुमच्या नावावर झाली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावरच राहिली, तर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने तुमच्याकडे येतो, ओन डॅमेजचा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पूर्वीच स्पष्ट केले. चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू आणि तरी दावा नामंजूर, अशी माणसे मी पाहिली आहेत.

उभी गाडी नेहमी निर्दोषच, असेही नाही. चौकाच्या तोंडाशी, वळणावर, बस थांब्यापाशी, रस्त्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी ठेवायची नाही, हे कलम १२२ सांगते. रात्री महामार्गावर दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर मागून कुणी आदळले, की न्यायालये दोष दोघांत वाटून देतात. गल्लीत भिंतीला चिकटलेल्या गाडीचे तसे नसते. पण मंगल कार्यालयाबाहेर तिसऱ्या रांगेत गाडी लावून जेवायला गेलेल्या पाहुण्याने आरसा तुटल्यावर फार आवाज करू नये.

कार्यालयांवरून आठवले. 'गाड्या मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी आपण सगळीकडे वाचतो आणि संपले म्हणून गप्प बसतो. १९९८मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एका पाहुण्याने गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. रात्री गाडी चोरीला गेली. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग मालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालले. नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने सांगितले, की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली, तर ती सांभाळण्याची जबाबदारी आली. स्वतःचा निष्काळजीपणा हॉटेलला पावतीवरच्या छापील ओळीने झाकता येणार नाही. मात्र किल्ली आपल्याच खिशात आणि नुसती जागा वापरायची पावती, अशा ठिकाणी हेच जसेच्या तसे लागू होईल असे समजू नये.

आणि धक्का देणारे आपण असलो तर? तेव्हा मागणारा समोर नसतो. गाडीचा मालक जेवत असतो, झोपलेला असतो, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेला असतो. एक चिठ्ठी, नाव आणि मोबाइल नंबर, वायपरखाली खोचायची. आपल्या विमा कंपनीला कळवायचे. तिथल्या तिथे 'सगळे मी भरतो' असे लिहून मात्र देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये की पैशांचे वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. नाव-नंबर देणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे.

हे मी फार शहाणपणाने सांगतो आहे खरा. २००३ साली सांगलीत गणपती पेठेत मित्राची गाडी मागे घेताना मी एक उभी स्कूटर पाडली होती. निळ्या रंगाची. आरसा फुटला, पुढचा इंडिकेटर लोंबू लागला. मी उतरून ती उभी केली, आजूबाजूला पाहिले, आणि कविसंमेलनाला उशीर होत होता म्हणून निघून गेलो. त्या दिवशी कविता बरी झाली असावी, टाळ्या पडल्याचे आठवते. कॅन धुणारा पोरगा "कळलं होतं, घाबरलो" म्हणाला, तेव्हा बहिणीकडे परतताना भाचा माझ्याशी बोलत होता आणि माझे लक्ष नव्हते. ती स्कूटर कुणाची होती, हे मी कधी शोधले नाही. आता शोधूनही सापडणार नाही.

गाडी आठवड्याने तयार झाली. जानेवारीत टेम्पोच्या मालकांनी नातवाकडून नव्या पॉलिसीचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. आधी मला ते कशासाठी ते कळलेच नाही. दोन हप्ते ठरल्या तारखेला आले, तिसरा रमजान उलटल्यावर, सोबत पाव किलो खव्यासह. पोराच्या पगारातून काही कापले की नाही, ते मी विचारले नाही. टेम्पो अजून तोच चालवतो आणि बहीण सांगते, की गल्लीत मागे घेताना आता टपरीवाल्याला उतरून मागे उभे राहायला लावतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)